औषध दुसऱ्या आजाराचे, परिणाम डोळ्यांवर

डोळा लाल होऊन खाजू लागला की कपाटातली जुनी थेंबांची बाटली आठवते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत लाली ओसरते, आणि फसगत होते ती नेमकी या गुणामुळेच. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत तयार होणारा पाण्यासारखा द्रव बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मुळाशी असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपत असतो. स्टेरॉइड काही आठवडे चालू राहिले, तर काही जणांच्या बाबतीत ही जाळी द्रवाला पूर्वीसारखी वाट देत नाही आणि डोळ्यातला दाब चढू लागतो. बहुधा ना दुखते, ना धूसर दिसते. दृष्टी कडेकडेने कमी होत जाते आणि समोरचे अक्षर मात्र स्पष्टच दिसत राहते, त्यामुळे हा काचबिंदू बराच उशिरा ध्यानात येतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मोतीबिंदूही होऊ शकतो. तो भिंगाच्या मागच्या बाजूला धरत असल्याने भर उजेडात आणि वाचताना अधिक त्रास देतो. अर्थात, या गोळ्या एकाएकी स्वतःहून बंद करणे त्याहून घातक ठरू शकते.

क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉलचा परिणाम दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, होतो. लाल-हिरव्यातला फरक पुसट होणे किंवा रंग विटल्यासारखे दिसणे ही त्याची सुरुवातीची खूण असते; तेव्हाच डॉक्टरांना सांगून औषध थांबवले गेले, तर दृष्टी बहुतेकदा सुधारते, मात्र नेहमीच नाही. संधिवातात आणि ल्यूपसमध्ये (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात) वर्षानुवर्षे चालणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याने दृष्टिपटलाला झालेली इजा भरून येत नाही. म्हणूनच मात्रा शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात (60 किलोच्या व्यक्तीला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम), पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासतात आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडे अशक्त असतील तर वार्षिक तपासणी त्याआधीच सुरू करतात.

टॅम्सुलोसिन हे तर प्रोस्टेटच्या त्रासावरचे औषध. डोळ्यांशी त्याचा संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण त्यामुळे डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत फडफडत मध्ये येतो. औषध काही दिवस आधी सोडूनही हा ढिलेपणा जातोच असे नाही. शल्यचिकित्सकाला आधी कळले, तर मात्र तो पडदा ताणून धरणाऱ्या आकड्यांची तयारी ठेवतो.