प्लेटो आणि परमप्रसाद, समोरासमोर

प्रबोधनकाळ म्हणजे चर्चविरुद्धचं बंड, हे समीकरण शाळेपासून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. निदान इटलीपुरतं ते चुकीचं आहे. ग्रीक तत्त्वज्ञांना आणि रोमन देवतांना व्हॅटिकनच्या भिंतींवर मानाची जागा दिली ती खुद्द पोपनीच.

पोप दुसरा ज्युलियस याच्या महालातली एक खोली बघा. बहुतेक त्याच्या ग्रंथसंग्रहासाठीच ती सजवली होती. राफाएलने 1508 ते 1511 या काळात तिथे भित्तिचित्रं काढली. एका भिंतीवर वेदी, तिच्यावर परमप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर), भोवती संत आणि धर्मशास्त्री. बरोबर समोरच्या भिंतीवर अथेन्सची तत्त्वज्ञमंडळी: मधोमध वर बोट दाखवणारा प्लेटो, शेजारी जमिनीकडे तळहात पसरलेला अ‍ॅरिस्टॉटल, बाजूच्या कोनाड्यांत अपोलो आणि मिनर्व्हा या प्राचीन देवतांचे पुतळे. तिसऱ्या भिंतीवर अपोलोच्या सोबतीला होमर, व्हर्जिल असे कवी. आणि ख्रिस्ती कवी दान्ते? तो कवींमध्येही आहे आणि परमप्रसादाभोवतीच्या मंडळींतही. त्या काळाचं मन मला याच तपशिलात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

हा मेळ एका रात्रीत जमला नव्हता. इजिप्तमधून निघालेल्या इस्रायली लोकांनी तिथलं सोनं सोबत नेलं, तसं ख्रिस्ती माणसानं परधर्मीयांच्या ज्ञानातलं उपयोगी ते घ्यावं, असं संत ऑगस्टीनने फार आधी लिहून ठेवलं होतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलला धर्मशास्त्रात रुजवलं. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयानं प्लेटोचं लॅटिन भाषांतर करणारा फिचिनो पुढे रीतसर धर्मगुरू झाला. त्याचं ते भाषांतर 1484 मध्ये छापलं गेलं. प्लेटोचा आत्मा आणि ख्रिस्ताचा आत्मा यांत त्याला वैर दिसत नव्हतं.

खटके उडाले नाहीत असं नाही. तत्त्वज्ञ पिकोने 1486 मध्ये मांडलेल्या 900 प्रमेयांवर पोपनं आक्षेप घेतला. फ्लॉरेन्समध्ये 1497 साली साव्होनारोला या कडव्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी चैनीच्या वस्तू, चित्रं, पुस्तकं यांची होळी केली. पण पुढच्याच वर्षी साव्होनारोलालाच देहदंड झाला, आणि पुढे रोममध्ये मायकेलअँजेलोने पोपच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर 7 संदेष्ट्यांच्या बरोबरीनं 5 सिबिल, म्हणजे प्राचीन जगातल्या भविष्यवेत्त्या स्त्रिया, बसवल्या. त्यांनीही ख्रिस्ताची चाहूल दिली होती, अशी तेव्हाची श्रद्धा.

वारं फिरलं ते चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनंतर. प्रोटेस्टंटांचे आरोप झेलताना चर्चला स्वतःच्याच चित्रांकडे संशयानं पाहावं लागलं. त्याच चॅपेलमधलं मायकेलअँजेलोचं ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र 1541 मध्ये पूर्ण झालं. त्यात पापी जीवांना ग्रीक पुराणातला नावाडी कॅरन नावेतून नरकात उतरवतो आणि गाढवाच्या कानांचा मिनोस, म्हणजे पाताळातला न्यायाधीश, पुढे उभा असतो. पोपच्या दरबारातल्या बियाजो दा चेझेनाने या चित्रातल्या नग्नतेवर टीका केली, म्हणून मायकेलअँजेलोने मिनोसला त्याचाच चेहरा दिला, असं कलावंतांची चरित्रं लिहिणारा वसारी सांगतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं डिसेंबर 1563 मध्ये धार्मिक चित्रांतल्या कामुकतेला मनाई केली. मायकेलअँजेलो वारल्यावर चित्रकार दानिएले दा व्होल्तेराने त्या नग्न देहांवर वस्त्रं रंगवली, आणि लोकांनी त्याला चड्ड्या शिवणारा म्हणून चिडवलं. पुढच्या शतकांत आणखीही कापड चढलं. 1994 मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात त्यातलं बरंचसं उतरवलं, पण दानिएलेचं काम इतिहासाचा भाग म्हणून ठेवलं. कॅरनची नाव मात्र ट्रेंटनंतरही कुणी पुसली नव्हती.