मरणाची कविता आणि मरणाऱ्याची कविता

शोकगीत मागे राहिलेल्यांचे असते. मरणारा माणूस स्वतः काय लिहितो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि ‘मृत्युकविता’ या सरसकट शब्दाखाली नेमका तोच हरवतो.

जपानी ‘जिसेइ’ या निरोपाच्या कवितेलाही हाच शब्द लावतात. तिचा मूळ अर्थ जगाचा निरोप घेणे. अनेकांनी ती धडधाकट असतानाच रचून ठेवली. उलट 1694 मध्ये वारलेल्या एका थोर हायकूकाराने वाळल्या माळावर भटकणाऱ्या स्वप्नांची ओळ अंथरुणावर रचली आणि तिला ‘आजारपणात’ एवढेच म्हटले. वाचकांनी मात्र तिची मृत्युकविता करून टाकली. आपल्याकडच्या सतराव्या शतकातल्या अभंगात स्वतःचे मरण डोळ्यांनी पाहिल्याचे येते, पण तिथे सुटते ती अहंता. एका अमेरिकन कवयित्रीच्या, 1896 मध्ये छापलेल्या कवितेत मरणाऱ्याच्या आणि उजेडाच्या मधे एक माशी गुणगुणत येते. इतके जवळून पाहिलेले मरण, पण ते कल्पनेतले. लिहिल्यावर ती वीसेक वर्षे जगली.

मरताना लिहिणे अनेकांच्या आवाक्यात आले ते अलीकडे. 1967 मध्ये लंडनमध्ये पहिले आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांच्या शुश्रूषेचे ठिकाण, उघडले. वेदना उसळायची वाट न पाहता ठरावीक वेळाने तोंडावाटे मॉर्फिन द्यायचे, ही तिथली रीत. दुखणे ताब्यात आले की डोके मोकळे राहते, बोलावेसे वाटते. पुढे अशा ठिकाणी लेखकही खाटेपाशी बसून रुग्णाचे बोलणे टिपू लागले.

खरा वाद इथला. धाप लागलेला माणूस तीन-चार शब्दांवर थांबतो. ऐकणारा तिथे ओळ तोडतो, पुनरुक्ती गाळतो, शीर्षक देतो. मग कविता कुणाची? 1990च्या दशकात ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांचे बोलणे असे कवितेत मांडले गेले, तेव्हा संमतीचा पेचही आला: आज हो म्हणणाऱ्याला उद्या ते आठवेलच असे नाही. काहींच्या मते टिपणारा हाच कवी. मला हे पटत नाही. शब्द ज्याचे, नाव त्याचे. टिपणाऱ्याने काय गाळले ते खाली सांगावे, आणि कागद छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावा. ‘हे मी असं नाही म्हणालो’ म्हणायची संधी त्या माणसाला मिळायलाच हवी, मग त्यात एखादी देखणी ओळ गेली तरी चालेल.

आता आजारी कवी आपले मरण लिहितात आणि ते लगेच छापूनही येते. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या एका कवीची निरोपाची कविता गाजली: दारचे मेपलचे झाड शरदात लाल होईल, तेवढे बघायला मिळावे. नव्या औषधाने तो 2019 पर्यंत जगला. लोकांनी निरोप देऊन झाला होता, त्यामुळे आपण अजून आहोत याचे त्याला अवघडल्यासारखे होई. लाल झालेले ते झाड त्याने पुन्हा पाहिले, आणि कविता लिहिणेही थांबवले नाही.