दुसऱ्या दुनियेत विरजण कुठून आणायचं?

स्लो-लाइफ इसेकाई मांगा, म्हणजे दुसऱ्या दुनियेत जाऊन निवांत जगणाऱ्या हिरोंची जपानी कॉमिक्स, वाचणाऱ्यांना सोया सॉसचा चॅप्टर पक्का माहीत असेल. ऑफिसात राबून राबून मेलेला किंवा ट्रकखाली आलेला एक जपानी माणूस दुसऱ्या दुनियेत जागा होतो, देव त्याला काहीतरी वरदान देतो, आणि हा बाबा राक्षसांच्या राजाशी लढायला जायचं सोडून जंगलाच्या कडेला घर बांधतो, वाफे करतो, कोंबड्या पाळतो. आणि मग एके दिवशी भाजलेला मासा खाताना त्याला सोया सॉसची आठवण येते, इतकी की डोळ्यांत पाणी. पुढच्या दोन-तीन पानांत सोयाबीन उगवतं, शिजतं, आणि बरणीत काळाभोर सॉस तयार.

मला हे मांगा मनापासून आवडतात, दिवसभराच्या कामानंतर डोकं शांत करणारं दुसरं काही इतकं सापडलेलं नाही. पण त्या पानावर मी दरवेळी अडते. ड्रॅगनवर माझा विश्वास बसलेला असतो, एल्फवर बसलेला असतो, बरणीवर बसत नाही. कारण माझ्या डोक्यात एकच प्रश्न येतो, विरजण कुठून आणलं?

माझी मावशी 1980 च्या दशकात न्यू जर्सीला गेली तेव्हा दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल घेऊन गेली होती, तिथे तो कोमट दुधात टाकून पहिलं दही लावलं. दूध तिथे होतं, पातेलं होतं, लावायची पद्धत तिच्या हातात होती, तरीही तिला हवं तसं दही फक्त आधीच्या दह्यातूनच येणार होतं. ज्ञान डोक्यात घालून नेता येतं, पण जिवाणू अंगानेच न्यावे लागतात. आणि इसेकाईचा हिरो तर रिकाम्या हाताने जातो.

सोया सॉस, मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट), साके (तांदळाची दारू) या सगळ्यांच्या मुळाशी कोजी असते. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर किंवा सोयाबीन-गव्हावर वाढवलेली बुरशी, अॅस्परजिलस ओरायझी तिचं नाव. तांदूळ वाफवून अंगाला सोसेल इतके कोमट झाले की वरून बुरशीचे बीजाणू भुरभुरवतात, साधारण 30 ते 35 अंशांच्या दमट खोलीत ठेवतात, आणि दीडएक दिवसात दाणे पांढऱ्या मऊ लवेने एकमेकांना चिकटायला लागतात. भाजलेल्या चेस्टनटसारखा गोडसर वास येतो. खरी गंमत अशी की तो ढीग आपला आपण तापतो, बुरशीच्या श्वासाची ऊब असते ती, आणि वेळेत उलथापालथ केली नाही तर ती स्वतःच्याच उष्णतेने मरते, म्हणून कोजी लावणारे रात्री-अपरात्री उठून ढिगात हात घालून बघतात. दोन दिवसांचं काम, पण दोन दिवस झोप नाही.

या बुरशीची एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात आणि प्रोटीनचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतलं एक ग्लुटामेट, म्हणजे तीच उमामी, गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी चव, जी किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून वेगळी काढली. कोजीनंतर सगळं खारट पाण्यात जातं, तिथे मिठाला न घाबरणारे बॅक्टेरिया आणि यीस्ट कामाला लागतात, आणि पारंपरिक पद्धतीत पुढचे कितीतरी महिने, कधी दोन वर्षंसुद्धा, फक्त ढवळत राहायचं. जपानच्या शोदोशिमा बेटावर अजूनही मोठ्या लाकडी पिंपांत सॉस मुरवणारे जुने कारखाने आहेत, तिथल्या तुळयांवर, भिंतींवर, पिंपांच्या कडांवर सूक्ष्मजीवांचा काळपट खडबडीत थर बसलेला असतो आणि तो कोणी खरवडून काढत नाही. तो थर म्हणजेच त्या घराचं विरजण.

आता हिरो म्हणेल की बुरशी तर कुठेही लागते, भात उघडा ठेवला की झालं. इथेच खरी भीती आहे. कोजीची बुरशी ही अॅस्परजिलस फ्लेव्हस या जंगली बुरशीची अगदी जवळची नातेवाईक, जंगली कुत्रा माणसाळावा तशी माणसाळवलेली. आणि फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते, म्हणजे यकृताचा कॅन्सर करणारं विष, जे साध्या शिजवण्याने जात नाही. बुरशी धरलेला कडवट शेंगदाणा आपण तोंडात आला की थुंकतो ना, त्यामागे हीच मंडळी असू शकतात. कोजीच्या बुरशीतही त्या विषाचे जीन्स आहेत, पण मोडके, बंद पडलेले. शेकडो वर्षं लोकांनी चांगली लागलेली कोजी जपून पुढच्या घाण्याला वापरली, त्यातून ही सज्जन बुरशी तयार झाली. जपानात मुरोमाची काळापासून (चौदावं ते सोळावं शतक) नुसते कोजीचे बीजाणू विकणारी घराणी आहेत, विरजण विकणारी दुकानंच म्हणा. 2006 मध्ये जपानच्या ब्रूइंग सोसायटीने कोजीला राष्ट्रीय बुरशीचा मान दिला, तो मला अगदी योग्य वाटतो. त्या मागच्या शेकडो वर्षांच्या माणसांशिवाय हिरोच्या हातात उरतो फक्त उघड्यावर बुरसटलेला भात.

जपानी वाचकांत या वादाचं एक जुनं रूप आहे, त्याला ते बटाटा पोलीस म्हणतात. म्हणजे मध्ययुगीन युरोपसारख्या दिसणाऱ्या दुनियेत बटाटा दाखवला की कोणीतरी उठून सांगणार, बटाटा तर अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला, हे चुकीचं आहे. मला हे पटत नाही. दुसरी दुनिया म्हणजे युरोप नव्हे, तिथे बटाटा पहिल्यापासून असू शकतो. (आपली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबरच आली आणि आज तिच्याशिवाय ठेच्याची कल्पना करून बघा.) माझा प्रश्न वेगळा आहे, तो बटाटा कोणी माणसाळवला? रानटी बटाटे कडू आणि विषारी असतात, अँडीजच्या डोंगरातले लोक ते मातीबरोबर खायचे कारण माती ते विष धरून ठेवते, आणि रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा पायाने तुडवून, वाळवून चुन्यो नावाचा टिकाऊ बटाटा करायचे, अजूनही करतात. रानटी गव्हाचं कणीस पिकलं की तुटून जमिनीवर विखुरतं. न तुटणारं कणीस माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून मिळवलंय. पीक दाखवलंत तर त्यामागची माणसंही त्या दुनियेत कुठेतरी असायला हवीत, त्यांची गावं, त्यांच्या म्हणी, त्यांचे बियाण्यावरून झालेले भांडणतंटे.

‘इसेकाई नोनबिरी नोका’ या मांगामध्ये हिरोला देवाकडून एक सर्वशक्तिमान अवजार मिळतं आणि जमीन कसताना तो मनात जे पीक आणेल ते उगवतं. हे जादू म्हणून सरळ सांगितलंय, त्यामुळे मला त्याचा त्रास होत नाही, उलट प्रामाणिक वाटतं. त्रास होतो तो जिथे हिरो साध्या फावड्याने चार वाफे करतो आणि अख्खं गाव पोटभर पाव खातं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गव्हाचं एक पोतं पेरलं की साधारण चार पोती हाती यायची, त्यातलं एक लगेच पुढच्या वर्षाच्या बियाण्याला बाजूला. माणशी वर्षाला 200 किलो धान्य धरलं तर पाच जणांच्या घराला 1000 किलो खायला आणि वर सव्वातीनशे-साडेतीनशे किलो बियाणं लागतं. त्या काळच्या उत्पन्नाने हे पिकवायला अंदाजे पाच एकर पेरायचे, आणि जमीन दमते म्हणून अजून अडीच एकर पड. उंदीर, गारपीट, जमीनदाराचा वाटा हे वेगळंच.

जमीन दमते म्हणजे मुख्यतः नायट्रोजन संपतो. हवेत तो भरभरून आहे पण झाडाला तसाच घेता येत नाही, तो मिळतो डाळवर्गाच्या मुळांवरच्या गाठींतल्या बॅक्टेरियांकडून, शेणाकडून, नाहीतर मैल्याकडून. एदो म्हणजे आजचं टोकियो, अठराव्या शतकात तिथे दहा लाखांच्या आसपास वस्ती होती आणि शहराचा मैला शेतकरी पैसे मोजून न्यायचे, त्याचे दर ठरायचे, त्यावरून वाद व्हायचे. शिवाय सुकवलेले सार्डिन मासे खत म्हणून शेतात पडायचे. जपानच्याच इतिहासात इतकी भन्नाट गोष्ट पडलेली असताना या मांगांमध्ये गावाचा संडास कुठे आहे हे क्वचितच कोणी दाखवतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिठाचंही तसंच. जपानात खाणीतलं मीठ नाही, सगळं समुद्राचं, म्हणून इतोइगावाच्या किनाऱ्यापासून डोंगरातल्या मात्सुमोतोपर्यंत 120 किलोमीटरच्या आसपासची मिठाची वाट होती, बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून मीठ वर चढायचं. जास्त दिवस मुरणाऱ्या 10 किलो मिसोत किलो-सव्वा किलो मीठ जातं. जंगलाच्या मध्यभागी राहणाऱ्या हिरोला ते कोण आणून देतं? एक मिठाचा व्यापारी आणा, त्याचा थकलेला बैल आणा, त्याने सांगितलेल्या किनाऱ्यावरच्या बातम्या आणा, दुनिया लगेच मोठी होते.

काही कथा हे करतात, तिथे मिसो जमेपर्यंत एखादं पात्र वर्षानुवर्षं फसत राहतं, बरण्या फेकून देतं, पुन्हा लावतं. मला तीच पानं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात, कारण स्लो-लाइफमधला स्लो तिथे खरा असतो.

1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की अचानक मेले. आधी कळेना काय रोग आहे, मग शोध लागला की त्यांच्या खाण्यात आलेल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती, आणि तिथून अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं. मला असा चॅप्टर वाचायचाय ज्यात हिरो रानातल्या भाताच्या कणसांवरून दहा वेगवेगळ्या बुरश्या गोळा करतो, दहा मडक्यांत लावतो, प्रत्येक मडक्यातलं थोडं थोडं वेगवेगळ्या खुराड्यातल्या कोंबड्यांना घालतो आणि हिवाळाभर नुसता बघत बसतो. वसंतात सातव्या खुराड्यातल्या कोंबड्या अजून अंडी देत असतात. मग तो सातव्या मडक्यातली मूठभर कोजी राखेत घोळून, वाळवून, कापडात बांधून छपराला टांगतो, आणि शेजारची एल्फ म्हातारी विचारते, हे काय?

तो म्हणतो, विरजण.