कॅश अडकली की कॅश गेली? रेड कार्डाचे दोन मेसेज

सर्व्हर बूट होता होता रेड कार्डापाशी (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं कार्ड) थांबतो आणि स्क्रीनवर कॅशबद्दलची (डिस्कवर उतरण्याआधी डेटा जिथे थांबतो ती कार्डावरची मेमरी) तक्रार येते. मेगारेड घराण्यातल्या कार्डांवर (डेलची पर्क कार्डंही त्यातलीच) असे दोन मेसेज आहेत. पहिल्याचा मतलब असा: काही व्हर्च्युअल ड्राइव्ह (अनेक डिस्क मिळून सिस्टीमला एकच दिसणारी ड्राइव्ह) ऑफलाइन किंवा गायब आहेत, त्यांची कॅश जपून ठेवली आहे, केबल आणि डिस्क तपासा. दुसऱ्याचा असा: मेमरी किंवा बॅटरीत गडबड सापडली, कार्ड सावरलंय, पण कॅशमधला डेटा गेला. घाईत दोन्हींतला ‘कॅश’ एवढाच शब्द डोळ्यांत भरतो. खरं तर पहिल्यात डेटा शाबूत आहे आणि डिस्क हरवलीय. दुसऱ्यात डिस्क जागच्या जागी आहेत आणि डेटा हरवलाय. पहिल्याला दुसरा समजून ‘गेलंच आहे तर साफ करू’ म्हणणारा माणूस वाचलेला डेटा स्वतःच्या हाताने घालवतो.

दोन्हींचं मूळ राइट-बॅक मोडमध्ये आहे. या मोडमध्ये डेटा कार्डाच्या रॅममध्ये पोचला की कार्ड ऑपरेटिंग सिस्टीमला ‘लिहिलं’ असं कळवून मोकळं होतं. डिस्कवर तो मागाहून उतरतो. या मधल्या वेळेत वीज गेली तर रॅम जिवंत ठेवायला बॅटरी असते. पर्कच्या जुन्या पिढ्यांत तिची मुदत जास्तीत जास्त ७२ तासांची, तीही बॅटरी ठणठणीत असेल तर. नव्या कार्डांत फ्लॅश असते: वीज जाताच बॅटरी किंवा सुपरकपॅसिटरच्या जोरावर रॅममधला डेटा फ्लॅशमध्ये उतरवला जातो, मग तासांची घाई राहत नाही. आपलं कार्ड कोणत्या जातीचं आहे हे आधी माहीत असावं, कारण बॅटरीवाल्या कार्डाचा सर्व्हर शनिवार-रविवार वीज काढून ठेवणं म्हणजे त्या ७२ तासांतले ४८ उडवणं.

आता अडकलेली कॅश. ही बहुतेक वेळा बाहेरच्या डिस्क-पेटीची वीज आधी गेल्याने, केबल सैल झाल्याने किंवा एकदम दोन-तीन डिस्क पडल्याने उद्भवते. लिहायला जागाच दिसत नाही, म्हणून कार्ड डेटा धरून बसतं. तो धरलेला असेपर्यंत नवी व्हर्च्युअल ड्राइव्हही बनवू देत नाही, आणि नेमक्या याच अडवणुकीला कंटाळून लोक ‘डिस्कार्ड’वर, म्हणजे कॅश टाकून देण्यावर, जातात. स्टोअरसीएलआय या कार्डाच्या कमांड-लाइन साधनातल्या ‘शो प्रिझर्व्हडकॅश’ने कोणत्या ड्राइव्हची कॅश अडकलीय ते कळतं. मग क्रम असा ठेवा: सर्व्हर बंद करून केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा, आधी पेटी चालू करा, तिच्या सगळ्या डिस्क फिरू लागल्या की मग सर्व्हर. परतलेल्या डिस्क ‘अनकॉन्फिगर्ड बॅड’ दिसल्या तर त्यांना ‘गुड’ करा. त्या ‘फॉरेन’ (अंगावर आधीची रेड मांडणी आहे, पण कार्डाला ती आपली वाटत नाही) म्हणून आल्या तर फॉरेन कॉन्फिगरेशन इम्पोर्ट करा. शेजारीच असलेलं ‘क्लिअर’ नव्हे! इम्पोर्ट होऊन अ‍ॅरे (डिस्कचा संच) उभा राहिला की कार्ड अडकलेला डेटा आपणहून डिस्कवर उतरवतं, वेगळी कमांड लागत नाही.

डिस्क जबरदस्तीने ‘ऑनलाइन’ करायची पाळी आलीच, तर आधी इव्हेंट लॉगमध्ये पडण्याचा क्रम पाहा. रेड ५ मध्ये (एक डिस्क पडली तरी चालू राहणारी मांडणी) आधी पडलेल्या डिस्कवरचा डेटा शिळा असतो. परत आणायची ती शेवटी पडलेली. उलट केलंत तर अ‍ॅरे उभा राहील, पण आतल्या फायली जुन्या-नव्याची खिचडी असतील.

कॅश टाकून देणं योग्य कधी? व्हर्च्युअल ड्राइव्ह मुद्दाम काढली असेल, डिस्क कायमच्या मेल्या असतील, किंवा डेटा बॅकअपमधून आधीच परत आणला असेल तेव्हा. फॉरेन कॉन्फिगरेशन दिसत असताना कधीच नाही. ती कॅश बहुधा त्याच डिस्कची असते.

दुसऱ्या मेसेजमध्ये कार्डात शोधण्यासारखं काही उरत नाही. बॅटरी मुदतीआधी संपली किंवा बूटच्या वेळी कॅश मेमरीत ईसीसी चूक (मेमरीच्या स्वतःच्या पडताळणीत सापडलेली) निघाली, आणि खात्री नसलेला डेटा डिस्कवर लिहिण्यापेक्षा कार्डाने तो सोडून दिला. अ‍ॅरे मात्र ‘ऑप्टिमल’ दिसतो, आणि फसगत तिथेच होते. लोक कार्डाचा कन्सिस्टन्सी चेक चालवतात, तो पास होतो, मग निर्धास्त होतात. तो चेक फक्त डेटा आणि पॅरिटीचा (डिस्क गेल्यास डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) मेळ बघतो. हरवलेला ब्लॉक त्याला कुठून कळणार? फाइल सिस्टीमच्या जर्नलवरही (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) इथे पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण जर्नलच्या नोंदीही ‘लिहिल्या’ म्हणून त्याच कॅशमध्ये पडून असू शकतात. म्हणून आधी फाइल सिस्टीम फक्त-वाचन तपासणीतून काढा, मग डेटाबेसची स्वतःची तपासणी चालवा (एसक्यूएल सर्व्हर असेल तर ‘चेकडीबी’), आणि घटनेच्या आधीच्या काही मिनिटांतले व्यवहार दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहा.

एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांवर हाच फरक आकड्यांत दिसतो. १७९२ म्हणजे कॅशमध्ये चांगला डेटा सापडला, तो डिस्कवर लिहिला जाईल. धक्क्यासारखा दिसला तरी हा चांगला निरोप आहे. १७९३ म्हणजे बॅटरी संपली, डेटा गेला. १७९५ म्हणजे कॅशमधला डेटा समोरच्या डिस्कचा नाही. कार्ड किंवा डिस्क हलवताना अदलाबदल झालीय का ते पाहा. मदरबोर्ड बदलताना म्हणूनच कार्ड बॅटरीसकट उचलायचं, बॅटरीची वायर सोडवायची नाही.

राइट-बॅक आपोआप राइट-थ्रू (डेटा डिस्कवर उतरल्यावरच ‘लिहिलं’ म्हणणारा मोड) झालेलं दिसलं तर तो यांतला कुठलाच प्रकार नाही. बहुधा बॅटरी चार्ज होतेय, तिचं लर्न सायकल (क्षमता मोजण्यासाठी उतरवून पुन्हा चार्ज करणं) चालू आहे किंवा ती खराब झालीय. वेग मंदावतो, डेटा जात नाही.

‘डेटा गेला’ हा मेसेज एकदाच आला आणि सर्व्हर बरेच दिवस विजेविना पडून होता, तर बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या आणि पुन्हा बूट करा. तरीही तोच मेसेज आला तर बॅटरी बदला. नव्या बॅटरीनंतरही आला तर कॅश मेमरी किंवा कार्ड. तोपर्यंत राइट-थ्रू चालू ठेवा. वेगासाठी ‘ऑल्वेज राइट-बॅक’ लावायचा मोह होतो, पण त्या सेटिंगमध्ये बॅटरी मेलेली असली तरी कार्ड ‘लिहिलं’ म्हणतच राहतं.