ग्रीगच्या आधीचा साथीदार : लुडविग लिंडेमान

संगीतकार एडवर्ड ग्रीगने ज्या नॉर्वेजियन लोकधुनांवर रचना केल्या, त्यांतल्या कितीतरी त्याने स्वतः खेड्यापाड्यांत हिंडून गोळा केलेल्या नव्हत्या. त्या त्याला छापील संग्रहात आयत्या मिळाल्या. हा संग्रह करणारा माणूस पोटापाण्यासाठी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे.

लुडविग मॅथियास लिंडेमानचा जन्म १८१२चा, ट्रॉन्डहाइमचा. वडील ओले आंद्रेआस तिथल्याच चर्चचे ऑर्गनवादक. ते कोपनहेगनला व्हेर्निकेकडे शिकलेले, व्हेर्निके किर्नबर्गरचा शिष्य आणि किर्नबर्गर खुद्द जर्मन संगीतकार बाखचा. पोराच्या बोटांत बाख लहानपणीच उतरला, यात नवल नाही. १८३३मध्ये तो राजधानीत आला तो मात्र धर्मशास्त्र शिकायला. तिथल्या मुख्य चर्चमध्ये थोरला भाऊ ऑर्गनवादक होता. १८३९मध्ये लुडविगने ती जागा घेतली, पदवी राहून गेली ती गेलीच. १८८७मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ४८ वर्षं, तो त्याच जागेवर होता.

त्या काळी खेड्यांतल्या बहुतेक चर्चांत ऑर्गनच नसे. स्तोत्र सुरू झालं की ज्याला जसं येईल तसं तो ओढत, हरकती घेत गाई. हे गाणं वळणावर आणावं म्हणून वडिलांनी स्तोत्रांच्या चालींचं पुस्तक काढलं होतं, तर संगीतशिक्षक लार्स रोवेरुडने साल्मोडिकॉन नावाच्या एकतारी वाद्याचा प्रचार केला. लुडविगनेही शिस्त लावली, पण लोक काय गातात हे आधी ऐकून घेतलं. १८४८मध्ये विद्यापीठाकडून पैसे घेऊन तो व्हाल्ड्रेस या डोंगराळ भागात गेला, पुढे टेलेमार्क आणि हार्डांगरलाही. गाणी, नाचाच्या धुना, घरोघरची धार्मिक गीतं, जे कानावर पडलं ते उतरवून घेतलं. १८५३पासून हे ‘पहाडी धुनां’चे भाग छापून येऊ लागले.

छापताना त्याने प्रत्येक धुनेखाली पियानोची साथ घातली. ही चर्चमधली सवय, आणि माझ्या मते संग्रहाची मर्यादाही. हार्डांगर फिडल या नॉर्वेजियन लोकवाद्याचे, म्हणजे तिथल्या व्हायोलिनचे, काही सूर पियानोच्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असतात. पेटीच्या साथीत गायकाच्या श्रुतींचं जे होतं, तेच इथे झालं. पण शहरातल्या घरांत ही गाणी वाजली तीही त्या साथीमुळेच. व्हाल्ड्रेसमध्ये उतरवून घेतलेल्या एका धुनेवर ग्रीगने १८७५-७६मध्ये पियानोसाठी ‘बॅलाड’ (‘जी मायनर’ स्वरातलं) लिहिलं. त्याची अखेरची मोठी रचना, १९०६ची चार स्तोत्रं, तीही लिंडेमानच्या संग्रहातूनच आली.

लिंडेमानच्या स्वतःच्या चालींपैकी, डॅनिश कवी-धर्मगुरू ग्रुंटविगच्या स्तोत्राला त्याने १८४०मध्ये दिलेली ‘चर्च हे जुनं घर’ ही चाल सर्वांत टिकली. अमेरिकेतले लुथरन पंथाचे लोक आजही ती गातात. नॉर्वेजियन धर्मगुरू लांडस्टाडचं स्तोत्रपुस्तक १८६९मध्ये मंजूर झालं, त्यासाठीच्या चालींचा लिंडेमानचा ग्रंथ १८७७मध्ये अधिकृत ठरला. दरम्यान १८७१मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या नव्या ऑर्गनवर वाजवायला देशोदेशींचे वादक बोलावले, त्यांत ब्रुकनर आणि सँ-साँस या नामवंत संगीतकारांबरोबर तोही होता.

१८८३मध्ये मुलगा पेटर याच्यासह त्याने ऑर्गनवादकांसाठी शाळा काढली. तिचंच पुढे ऑस्लोचं संगीत विद्यालय झालं. ते कित्येक दशकं लिंडेमान कुटुंबानेच चालवलं आणि १९७३मध्ये त्याची जागा सरकारी संगीत महाविद्यालयाने घेतली.