आघातजन्य मोतीबिंदू : शस्त्रक्रियेची वेळ

डोळ्याला मार लागल्याने किंवा टोकदार वस्तू घुसल्याने भिंग गढूळ होते, त्याला आघातजन्य मोतीबिंदू म्हणतात. विटीचा फटका, बाभळीचा काटा, घण मारताना छिन्नीवरून उडालेला लोखंडाचा कण, फटाका ही नेहमीची कारणे. यात जखमेचे उपचार थांबू शकत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र बहुधा थांबू शकते.

मुक्या मारात भिंगाचे आवरण बहुधा शाबूत राहते. गढूळपणा फुलाच्या पाकळ्यांसारखा उमटतो, कधी काही वर्षांनीही. आतले रक्त व सूज ओसरण्याआधी शस्त्रक्रियेची घाई सहसा नसते.

आवरण फाटले, तर डोळ्यातले पाणी शिरून भिंग काही तासांतही फुगू शकते. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जखम शक्यतो 24 तासांत शिवतात. उशिराने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भिंग त्याच वेळी काढावे का, यावर शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. भिंगाचा गर पुढच्या पोकळीत सांडला किंवा डोळ्यातला दाब चढला, तर वाट पाहत नाहीत. एरवी काही आठवडे थांबणे सोयीचे, कारण सुजलेल्या कॉर्नियातून मागचे आवरण फाटले आहे का ते दिसत नाही. शिवलेल्या, वाकड्या कॉर्नियावरून कृत्रिम भिंगाचा नंबरही नीट निघत नाही; मग दुसऱ्या डोळ्याचे माप आधाराला घेतात. या काळात दाह कमी करणारे स्टेरॉइड व बाहुली मोठी ठेवणारे ॲट्रोपिन यांचे थेंब चालू असतात. दाह रेंगाळला, तर बाहुली भिंगाला चिकटते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

मुलांना ही सवलत नाही. साधारण आठ वर्षांखालील मुलाचा डोळा महिनोन्‌महिने झाकोळलेला राहिला, तर आळशी होतो. मग भिंग बदलूनही नजर अधू राहते. त्यातून मार बसेल म्हणून पोर खेळातली जखम लपवते. शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी आलीच.

दृष्टिपटल (डोळ्यामागचा पडदा) किंवा नेत्रचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) दुखावली असेल, तर वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेचाही लाभ मर्यादित. टॉर्च दोन्ही डोळ्यांवर आलटून पालटून टाकल्यावर जखमी डोळ्याची बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी झाली, तर नुकसान मागे आहे असे समजतात. सोनोग्राफी जखम शिवल्यावरच. उघड्या डोळ्यावर दाब पडला, तर आतला भाग बाहेर येतो.

म्हणूनच रुग्णालयात नेताना डोळा चोळू वा धुऊ नये, घुसलेली वस्तू ओढू नये, मध-दूध घालू नये. कागदी कप डोळ्याला न टेकेल असा भोवतीच्या हाडांवर चिकटवावा आणि भूल द्यावी लागेल म्हणून पोट रिकामे ठेवावे.