गप्पीच्या पोटातला दोरा आणि नारू

वडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गप्पी माशांची टाकी आहे. गेल्या पावसाळ्यात एका मादीच्या शेपटीआधी लाल दोऱ्याची तीन-चार टोकं लोंबताना दिसली. मासा स्थिर झाला की ती बाहेर यायची, हलला की आत. दुकानदार म्हणाला, "खाणं जास्त होतंय, काका." खाणं कसलं! तो कॅमॅलॅनस जंत होता, आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पिणारा.

त्याच्याच एका भाईबंदाने नारूचं, म्हणजे माणसाच्या अंगात वाढून बहुधा पायातून बाहेर येणाऱ्या लांब जंताचं, कोडं सुटायला वाट करून दिली: तो शरीरात शिरतो कसा? 1860च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ ल्यूकार्ट युरोपातल्या माशांमधला असाच जंत तपासत होते. त्याची मादी अंडी न घालता जिवंत पिल्लं पाण्यात सोडते. ती तळाशी वळवळत राहतात आणि सायक्लॉप्स त्यांना भक्ष्य समजून गिळतो. हा कोळंबीच्या गोतातला, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, एकाक्ष जीव. गिळलेली अळी मरत नाही. त्याचं आतडं भेदून ती शरीराच्या पोकळीत उतरते, दोनदा कात टाकते आणि तिथेच थांबते. पुढची वाढ त्या सायक्लॉप्सला माशाने खाल्लं तरच.

नारूच्या अळ्या माशांतल्या जंताच्या या अळ्यांसारख्याच दिसत. ल्यूकार्टच्या सूचनेवरून रशियन निसर्गअभ्यासक अलेक्सेई फेदचेन्को यांनी मध्य आशियात सायक्लॉप्स तपासले, आणि 1870 मध्ये नारूची अळी त्यांच्यात वाढताना पाहिली. अळी कातडीतून शिरते, ही तोवरची समजूत. तीनच वर्षांनी, वयाच्या 29व्या वर्षी, फेदचेन्को आल्प्समधल्या माँ ब्लाँवर बर्फाच्या वादळात मरण पावले. पुढे 1907 मध्ये रॉबर्ट लायपर यांनी माकडाला बाधित सायक्लॉप्स खाऊ घालून पाण्याचा मार्ग पक्का केला.

आपल्याकडे याचा अर्थ उघड होता. वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्या उतरून नारू झालेला पाय पाण्यात बुडवायचा, जंत तिथे अळ्या सोडणार, आणि तेच पाणी घागरीत भरायचं, म्हणजे साखळी पुरी. वडोद्याला आजवा तलावाचं नळाचं पाणी 1892 सालीच मिळालं. खेड्यापाड्यांतल्या वावा मात्र वापरात राहिल्या. दोनपदरी फडक्याने पाणी गाळलं की सायक्लॉप्स वरच अडकतो, एवढा साधा उपाय. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

गप्पीच्या टाकीत मात्र फडकं पुरत नाही. तिथे सायक्लॉप्स नसला तरी या जंताची पिल्लं थेट माशातून माशात जाऊ शकतात. आमच्या टाकीतले उरलेले अकरा मासे अजून वेगळ्या बादलीत आहेत.